हात क्रमांक नऊ

शशीकाकीची सुनेबद्दल तक्रार एकच होती, पण ती दिवसातून दहा वेळा होती: बाई बोलत नाही. विचारलं तर ‘हो’, पुन्हा विचारलं तर पुन्हा ‘हो’, आणि आवाज चढवला तर तेवढंही नाही. सकाळी साडेसात वाजता सुजल्या डोळ्यांनी उठायची, चहा मुकाट, भांडी मुकाट, आणि मग शेडमध्ये येऊन काजूच्या प्रतवारीच्या टेबलाला अशी बसायची, की टेबल कुठलं आणि मैथिली कुठली हे लांबून कळू नये.

“भिंतीक सांगलंय तर भिंत तरी आवाज परत देता,” शशीकाकी कामाच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. “चार वर्षां झाली घरात येवन. पाळणो हलत नाय नि जीभय हलत नाय.”

बायका हसायच्या. मालकीण बोलली की हसावं लागतं. मैथिली काजूचे अख्खे गर एका सुपात आणि पाकळ्या दुसऱ्या सुपात टाकत राहायची. तिचा नवरा हर्षद मालवाहू जहाजावर; नऊ महिने समुद्रात, तीन महिने घरी. पाळणा हलायला तो तरी इथे पाहिजे, हे शेडमध्ये सगळ्यांना कळत होतं. म्हणून दाखवायची हिंमत कुणात नव्हती.

शशिकला आरोसकर तिसरीपर्यंत शिकलेली. नवरा गेला तेव्हा तिच्यामागे एक मुलगा आणि पडवीत काजू फोडायची दोन हातयंत्रं होती. त्यातून तिने मातोंडच्या माळावर पत्र्याची मोठी शेड उभी केली, वाफेची भट्टी बसवली, त्रेचाळीस बायकांना कामाला लावलं. कच्ची बी आफ्रिकेतून जहाजाने यायची, सोललेला गर युरोपात जायचा, आणि मधे जी दोन हातांची जागा उरते, ती शशीकाकीची. तिच्या मालात तुकडा सापडत नाही अशी ख्याती होती. कुणापुढे मान खाली घालायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

मग हुंगणी आली.

हुंगणी हे बायकांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री त्या यंत्राला श्रममापक म्हणत. त्यामागचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. माणसाचा हात ज्याला लागतो, त्यावर काहीतरी मागे राहतं. घामातलं पाणी उडून जातं, पण त्यातली प्रथिनं आणि कातडीच्या सुटलेल्या पेशी राहतात, आणि काजूसारख्या तेलकट गराला त्या घट्ट धरून बसतात. पेशींमधल्या डीएनएवर वयाबरोबर रासायनिक खुणा उमटत जातात. त्या मोजल्या की वय कळतं. घामात कॉर्टिसॉल नावाचं एक संप्रेरक असतं. शरीर ते पहाटे वाढवतं आणि दिवस कलला की उतरवतं. ज्या शरीराला विसावा मिळत नाही, त्याचं ते चढतं आणि उतरायचं विसरतं. अशी पंधरा-वीस रसायनं एकत्र वाचून, कुठलं कुठल्या हाताचं हे वेगळं करून, हुंगणी सांगायची की या मालाला किती हात लागले, ते कोणत्या वयाचे, आणि किती दमलेले. शेवटी सगळ्या मालाचा मिळून एक आकडा. शून्य म्हणजे माणसाचा हात लागलाच नाही. शंभर म्हणजे वेठबिगारी.

यंत्र शोधणाऱ्यांच्या मनात काय होतं ते त्यांना माहीत. पण ते तयार झालं आणि तिकडच्या देशांत निवडणुका लागल्या. स्वस्त परदेशी मालाने आमचं काम नेलं म्हणून तिथले लोक संतापले होते. पुढाऱ्यांनी त्यावर असा तोडगा काढला, की त्यात संताप दिसू नये, दया दिसावी. ‘आमच्या ताटात कुणाची दमछाक नको’ अशा पाट्या लागल्या, आणि चाळीसच्या वर आकडा असलेला माल बंदरात उतरवायचा नाही असा कायदा झाला. दया मतदारांना आवडली आणि त्यांच्या कारखानदारांना तर फारच, कारण यंत्राने फोडलेल्या काजूचा आकडा आपोआप शून्याजवळ येतो. पुढच्या निवडणुकीत मर्यादा चाळीसची तीस झाली. दिल्लीने रागावून त्यांच्या यंत्रांवर कर वाढवला, त्यांनी आपल्या काजूवर. मग कुडाळात मंत्र्यांची सभा झाली. ‘आमच्या माताभगिनींच्या घामाचा अपमान आम्ही सहन करणार नाही,’ असं ते म्हणाले. सभेला गर्दी हवी म्हणून शशीकाकीच्या शेडमधल्या बायकांना टेंपोत घालून नेलं आणि चार तास उन्हात बसवलं. त्या आठवड्याच्या मालाचा आकडा अडतीस आला.

आजूबाजूच्या कारखानदारांना हुंगणीची मेख कळायला वेळ लागला नाही. दमलेल्या बाईचं दमणं कमी करण्यापेक्षा दमलेली बाई कमी करणं सोपं. ज्यांच्या घरी आजारी माणूस, ज्यांचं मूल अंगावर पितं, ज्या डोंगर उतरून चालत येतात, त्या एकेक करून घरी बसल्या. कायदा ज्यांच्यासाठी म्हणून केला होता, त्याच पहिल्यांदा बाहेर पडल्या.

“माझ्याकडे तसला चालाचा नाय,” शशीकाकी छाती काढून सांगायची. तिने दुपारची सुट्टी वाढवली, पंखे लावले, बसायला पाठीची खुर्ची दिली. आकडा अठ्ठावीसवर आला. ही गोष्ट तिने चार गावांत ऐकवली.

ऑगस्टच्या मालाचा आकडा चौतीस आला. या खेपेला ताकीद देऊन माल उतरवून घेतला.

कागद युरोपातून यायचे आणि मैथिली ते वाचून दाखवायची. शेडच्या कोपऱ्यातल्या लहानशा ऑफिसात ती संगणकासमोर बसली होती, शशीकाकी तिच्या डोक्यावर उभी.

“एक हात फार जास्त आहे,” मैथिली म्हणाली. “हात क्रमांक नऊ. बाई. वय तीस ते पस्तीस. थकवा अतिशय.”

“पुढे?”

मैथिलीचे डोळे पुढच्या ओळीवर गेले आणि तिथेच थांबले.

“पुढे काय लिवलंहा गो?”

“एवढंच,” मैथिली म्हणाली.

शशीकाकीला एवढं पुरे होतं. तीस-पस्तिशीची, दमलेली, म्हणजे अक्षता परब. नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून दोनदा ओरोसला डायलिसिसला घेऊन जायची, आणि तिथून परत आली की तशीच येऊन काजू फोडायला बसायची. चांगली कामसू बाई. पण चांगुलपणा हुंगणीला हुंगता येत नव्हता.

शशीकाकी शेडच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

“अक्षता, हात धू नि घराक जा.”

अक्षताने यंत्राच्या पायपट्टीवरचा पाय काढला. “काय चुकला, काकी?”

“चुकला काय नाय. दमलंस तू. तुझ्या एकटीच्या दमण्यान त्रेचाळीस घरांची चूल विझतली. घोवाची सेवा कर जा. थय तुका कोण हुंगाक येवचो नाय.”

टरफलाच्या तेलाने बोटं जळतात म्हणून बायका फोडताना हाताला राख लावतात. अक्षताने ती राख पदराला पुसली, डबा उचलला आणि गेली. जाताना तिने प्रतवारीच्या टेबलाकडे एकदा पाहिलं. मैथिलीने मान वर केली नाही.

*

चतुर्थी झाली. पाच दिवसांची सुट्टी घेऊन बायका परतल्या, माल भरला, कंटेनर सुटला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सावंतवाडीचा फर्नांडिस स्वतः गाडी घेऊन आला. सगळ्या जिल्ह्याचा काजू परदेशी पाठवणारा हा माणूस, शशीकाकीला तिच्या नवऱ्याच्या काळापासून ओळखत होता.

“शशीबाय, कंटेनर बंदरात अडकलाय,” तो म्हणाला. “आकडा छत्तीस.”

“अक्षताक काढलंय मी. मगे वाढलो कसो?”

“कोण अक्षता?”

चहाची वेळ होती. बायका शेडच्या दारात, आंब्याखाली, जिथे मिळेल तिथे बसल्या होत्या. फर्नांडिसने हातातला कागद उघडला आणि त्याच्या सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागला. तो पंधरा कारखान्यांत असाच वाचत असे.

“हात एकूण चव्वेचाळीस.”

“त्रेचाळीस,” शशीकाकी म्हणाली. “आता बेचाळीस.”

“यंत्र चव्वेचाळीस म्हणतंय. मागच्या वेळी पंचेचाळीस होते. तुमच्या हजेरीत नसलेले दोन हात मालाला लागतात.” एक हात शशीकाकीचा स्वतःचा, भरताना प्रत्येक डब्यात ती बोटं फिरवून बघायची. फर्नांडिस पुढे वाचत होता. “हात नऊ. स्त्री, तीस ते पस्तीस. थकवा अतिशय. टरफलाच्या तेलाचा अंश नाही.”

त्या शेवटच्या वाक्यावर फोडणाऱ्या बायकांनी एकदम आपापल्या हातांकडे पाहिलं. काळी बोटं. वीस वर्षं राख लावूनही काळी. ज्या हाताला तेलाचा अंश नाही, तो हात फोडणारीचा नाही. तो प्रतवारीच्या टेबलावरचा. त्या टेबलाला चौघी बसत. दोघी पन्नाशीच्या पुढच्या, एक अठरा वर्षांची.

“हे तर मागच्या कागदातसुद्धा लिहिलं होतं,” फर्नांडिस म्हणाला. “वाचलं नाहीत?”

भट्टीवरची रुक्मीण, शेडमधली सगळ्यांत म्हातारी, चहाची बशी खाली ठेवत सावकाश म्हणाली, “काकी, ही बाय तुमच्याच घरची गे.”

फर्नांडिसला खुणेने कुणी गप्प केलं असतं तर बरं झालं असतं. पण तो कागदातच होता. “आणि हे बघा, हे गमतीचं आहे. चतुर्थीच्या सुट्टीनंतर बाकीच्या सगळ्या हातांचा थकवा उतरलाय. निम्म्यावर आलाय काहींचा. हा नऊ नंबर मात्र सुट्टीनंतर वाढलाय. म्हणजे या बाईला कारखाना नाही दमवत. ती घरी गेली की दमते.”

शशीकाकीला वाटलं, आपल्या अंगावरचं लुगडं कुणीतरी भर बाजारात ओढलं. तिला चतुर्थीचे पाच दिवस दिसायला लागले. बावीस माणसांचं जेवण, मोदक, आरत्यांना येणारे लोक, त्यांची कॉफी. ती स्वतः ओटीवर बसून होती, आल्या-गेल्याला सांगत होती की सून हळू आहे, हिच्या हाताला उरक नाही.

“ही रात्री झोपते कधी?” फर्नांडिसने सहज विचारलं. “मी इथून तिला कागद पाठवतो. तिकडची कचेरी बंद होते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ-साडेनऊ झालेले असतात. ते जाताना शंका पाठवून ठेवतात, ही रात्री बसून उत्तरं देते, पहाटे दोन-अडीच होतात. प्रत्येक बाईचे तास, ती पाणी किती वेळा प्यायली, सुट्टी किती मिळाली. बायका दमत नाहीत हे सिद्ध करायचे तीस पानांचे कागद आहेत ते. पगार काय देता हो तिला?”

“घरची माणसा पगार घेत नाय,” शशीकाकी म्हणाली. म्हणता म्हणता ते वाक्य तिलाच ऐकू आलं.

मग फर्नांडिसने उपाय सांगितला. कागदावर दोन चौकटी होत्या. पहिलीत खूण केली की ‘सदर व्यक्तीस कामावरून कमी केले आहे’. कंटेनर सोमवारी सुटला असता. दुसरी चौकट म्हणजे ‘थकव्याचे कारण दूर करत आहोत’. तिच्यात कारण मालकाने स्वतःच्या शब्दांत लिहायचं, ते कारखान्याच्या फाटकावर लावायचं, तिकडच्या खरेदीदारांच्या यादीतही ते छापणार. कंटेनर तीस दिवस बंदरात राहणार, पुढचा माल तोवर घेणार नाहीत. म्हणजे महिनाभर भट्टी बंद.

“दुसरीत आजपर्यंत अख्ख्या कोकणात कुणी खूण केलेली नाही,” फर्नांडिस गाडीत बसताना म्हणाला. “पहिली करून टाका. सून तर आहे, कुठे जातेय? टेबलाला बसवू नका, एवढंच. घरात राहूदे आरामात.”

घरात, आरामात. शशीकाकीने त्याला निरोपाचा हातसुद्धा केला नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अक्षताच्या घरी गेली. वाटेत तिने वाक्य जुळवलं होतं: झाला गेला विसर, सोमवारपासून ये. मालकिणीने स्वतः येणं हेच पुष्कळ, असं तिला निघताना वाटत होतं. घरापुढच्या खळ्यापर्यंत पोचेपर्यंत तसं वाटेनासं झालं.

अक्षता खळं सारवत होती. हात न धुता उभी राहिली. आत नवरा खाटेवर होता. त्याने उठायचा प्रयत्न केला आणि शशीकाकीने त्याला हातानेच थांबवलं.

“तुझो हात न्हवतो तो,” शशीकाकी म्हणाली. “सोमवारपासून ये.”

“ठावक आसा माका.”

“कसा?”

“तुमची सून इल्ली. तुमी माका काढलास तेच्या दुसऱ्या दिवशीच. ह्यांची औषधां घेवन इल्ली. तो हात माझो, म्हणान रडली. मी म्हटलंय, मगे मालकिणीक कित्याक सांगलंस नाय? म्हणाली, तोंड उघडलंय तर ती माका माहेराक धाडतली. थय आवस-बापूस नाय, भावाच्या दारात खय जाव?”

शशीकाकीने पायरीचा आधार घेतला, पण बसली नाही. बसा असं अक्षता म्हणाली नव्हती.

“म्हणजे तुका सांगल्यान,” ती म्हणाली.

“माका सांगूक भीती खयची? मी तिका काय करतलंय?” अक्षताने शेणाचा हात बादलीत बुडवला. “काकी, मी येतलंय. माका काम व्हया. पण एक सांगा. आता तिका काढतलास ना? मगे एक दिवस ह्यांचा दुखणा वाढतला नि माझो हात वर चढतलो, नि माका काढतलास. तुमच्या थय जी दमता ती जाता. मी येवन तरी किती दिवस?”

“फर्नांडिस म्हणता…”

“फर्नांडिसाचा सोडा. आणि आणखी एक. काढलास तेव्हा त्रेचाळीस माणसांसमोर काढलास. घोवाचा बोललास ता पण तेंच्यासमोर. बोलवक मात्र माझ्या खळ्यात एकटी इल्लास.”

तिने हे रागाने म्हटलं असतं तर शशीकाकीकडे उत्तर होतं. रागाला तिच्याकडे नेहमीच उत्तर असायचं. अक्षताने ते साध्या आवाजात म्हटलं आणि पुन्हा सारवायला खाली बसली.

परतीच्या वाटेवर ओळखीची तीन माणसं भेटली. तिघांनी विचारलं, काकी, खय गेलेलास? तिने न थांबता थेट शेडचा रस्ता धरला.

*

शेडमध्ये यंत्रं चालू होती. शशीकाकी सरळ ऑफिसात गेली. मैथिलीने कागद पडद्यावर उघडून ठेवला होता, दोन्ही चौकटी रिकाम्या.

“पहिलीत खूण करते, आई,” ती म्हणाली. “मी घरी थांबेन. कंटेनर तरी सुटेल.”

तिने आपणहून काही बोलण्याची ही शशीकाकीला आठवणारी पहिलीच वेळ, आणि तेही स्वतःला काढून टाकण्यासाठी.

शशीकाकी दारात गेली आणि हाक मारली. “यंत्रां बंद करा. सगळ्यो हय या.”

बायका दाराशी जमल्या. मागे रुक्मीण टाचा उंचावून बघत होती.

“दुसरीत खूण कर,” शशीकाकी म्हणाली.

“दुसरीत कारण लिहावं लागतं.”

“तेच्यासाठीच तुका बसवलंहा. तोंडान सांगतंय, तू लिही.”

“ते फाटकावर लावायला लागेल, आई. कुणीही वाचेल.”

“वाचूदे.”

“महिनाभर भट्टी बंद राहील,” मैथिली म्हणाली, आणि दाराशी कुजबुज सुरू झाली. एक बाई म्हणाली, आमी खावचा काय? शशीकाकी तिच्याकडे वळली. “बंद भट्टीचो पगार मी देतलंय. माझ्या बांगड्यो तुमी बघितलासा. ह्या बोलाक जागलंय नाय तर माका विचारा.” मग पुन्हा सुनेकडे. “लिही.”

मैथिलीने बोटं कळफलकावर ठेवली.

“हात नऊ माझ्या सुनेचो, मैथिली हर्षद आरोसकरचो. कारखान्यान तिका दमवल्यान नाय. घरान दमवल्यान. घर म्हणजे मी, शशिकला आरोसकर. तेच्यात दुसऱ्या कोणाचा नाव घालू नको.”

कळा वाजल्या. थांबल्या.

“थांबू नको. ती पहाटेपर्यंत ह्या कारखान्याचे कागद लिही, नि मी सकाळी तिका आळशी म्हणी. तिचा नाव हजेरीत घातलंय नाय, घरची म्हणान. तिका मूल नाय म्हणान चार माणसांत बोललंय, माझो झील समुद्रार असताना.”

“आई, ते नको लिहायला,” मैथिली हळूच म्हणाली.

“ता तुझा नाय, माझा आसा. लिही. नि अक्षता परबाक चुकीची काढलंय, तिच्या घोवाच्या दुखण्यावरून बोललंय, ता पण.”

दाराशी कुणीतरी नाक ओढलं. शशीकाकीने तिकडे पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच आपण बसावं की उभं राहावं हे तिला कळत नव्हतं. ती उभीच राहिली.

“खाली ‘उपाय’ म्हणून रकाना आहे,” मैथिली म्हणाली. “काय करणार ते लिहायचं.”

“कागद दिवसा, कारखान्याच्या वेळात. पगार प्रतवारीवालीचो, वर कागदांचो वेगळो. घरातला सकाळचा मी बघतलंय. तीन महिन्यान हुंगणी परत लावा, नि तेव्हा हात नऊ उतरलो नाय तर कारखानो माझ्या नावावरसून काढून तिच्या नावावर करूचो. लिवलंस?”

“लिहिलं.”

“आता माझा ऐक.” शशीकाकीने टेबलाची कड धरली. सुनेच्या डोळ्यांत बघायला तिला एवढा वेळ लागला. “अक्षताक काढलंय तेव्हा तू गप रवलंस. ती चूक आसा, नि ती मी तुझ्या नावावर ठेवूची नाय, कारण तुझी भीती मीच घातलेली. एवढी वर्षां मी सगळ्यांक सांगत रवलंय, माझ्या मालात तुकडो गावाचो नाय. मालकीण म्हणान मी पास झालंय गो. सासू म्हणान माका जगातल्या खयच्याच बंदरात उतरवन घेवचे नाय, नि तेंचा बरोबर आसा.”